वावरात टिकंल अन् लग्नातही शोभंल असं घड्याळ दोन हजाराच्या आत कसं घ्यायचं

दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हातात यायला लागले की तालुक्याच्या गावात मोबाइलच्या दुकानाखालोखाल गर्दी दिसते ती घड्याळाच्या काउंटरवर. कुणाला पोरीच्या बारावीसाठी पाहिजे, कुणाला जावयाला द्यायला, कुणाला स्वतःसाठी. बहुतेक जण काचेखालच्या चमकदार डायलकडं बोट दाखवतात, हातात घालून पाहतात, पन्नास-शंभर कमी करायला लावतात अन् घेऊन जातात. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पॉलिश उडालेलं, काचेच्या आत वाफ धरलेली, काटे बंद. कष्टाचे पैसे असतात राजेहो, म्हणून हे पाहून जीवाला लागतं, अन् म्हणूनच जरा बैजवार लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घड्याळातल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, जसा पट्टा, सेल, पिना, बरेचदा काचसुद्धा. अन् काही गोष्टी घेतल्या दिवशी जशा आहेत तशाच शेवटपर्यंत राहतात, म्हणजे बॉडी कशाची आहे, आतलं मशीन कोणतं, पाणी किती सोसते, डायल झटक्यात वाचता येतो की नाही. पैसा या न बदलणाऱ्या गोष्टींवर घाला. नटणं-मुरडणं, रुबाब, स्टाइल हे सगळं बदलता येणाऱ्या गोष्टींतून करता येतं अन् स्वस्तात करता येतं. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, लोक चमकदार चेन पाहून घड्याळ घेतात अन् मशीन कोणतं ते विचारतच नाहीत.

दुसरं म्हणजे ते घालून तुम्ही करणार काय. ओलिताच्या वेळी लाइन बरेचदा रात्रीच येते, हे काही कुणाला सांगायला नको, रात्री दोन वाजता धुऱ्यावर उभं राहून टाइम पाहायचा असंल तर लाइटवालं घड्याळ पाहिजे, बाकी ते कितीही देखणं असो कामाचं नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यापोट्टींना स्टॉपवॉच पाहिजे, कारण मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर अन् मुलींना ८०० मीटर धावायचं असते अन् रोज सकाळी स्वतःचा टाइम मोजल्याशिवाय सुधारणा कळत नाही. आशाताईंचं तर काम त्यावरच चालते, नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात अन् मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर ती धोक्याची खूण असते, म्हणून त्यांना सेकंद स्वच्छ दिसणारंच घड्याळ लागते, त्यात नक्षीकामाचा बारका डायल चालतच नाही. अन् ज्याला फक्त ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा सोयरिकीच्या बैठकीत घालायचं त्याची गोष्ट वेगळी, त्यानं दिसण्याकडं थोडं जास्त झुकलं तरी बिघडत नाही.

आता मशीनबद्दल. हजार-दोन हजारात विश्वासाचा टाइम पाहिजे असंल तर क्वार्ट्झ म्हणजे सेलवालं घड्याळच घ्या. आत क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा असतो, तो सेलच्या करंटवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, अन् ते मोजून सेकंद काटा एक एक पाऊल पुढं सरकतो. असं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीनं १९६९ च्या डिसेंबरमध्ये विकायला काढलं तेव्हा ते भयंकर महाग होतं, आज तेच तंत्र हजार रुपयात मिळते अन् महिन्याला पंधरा-वीस सेकंदाच्या वर सहसा चुकत नाही. चाबीचं घड्याळ दिवसाला तेवढं चुकलं तरी चांगलं म्हणतात. म्हणजे अचूकपणाच्या हिशोबात हजाराचं साधं क्वार्ट्झ लाखाच्या चाबीवाल्याला मागं टाकते, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही पण खरं आहे.

पण क्वार्ट्झ-क्वार्ट्झमध्येही फरक असतो अन् तो झाकण उघडल्यावरच दिसतो. बाजारातल्या घड्याळवाल्या काकाजींच्या टेबलाशी कधी पाच मिनिटं उभं राहून पाहा. ते सुरीच्या टोकानं मागचं झाकण टक्कन उचलतात, आत चांगलं मशीन असंल तर त्यावर कंपनीचं नाव अन् नंबर बारीक अक्षरात कोरलेला दिसतो, सेलवरची पट्टी धातूची असते, झाकणाच्या कडेला काळ्या रबराची अखंड रिंग बसलेली असते. अन् दीडशे-दोनशेवाल्यात बॉडी मोठी, मशीन चण्याएवढं, भोवती पांढऱ्या प्लास्टिकची जाड कडी घालून जागा भरलेली, रबराची रिंग एक तर नाहीच नाहीतर दोरीसारखी लोंबत असलेली. बाहेरून दोन्ही सारखेच चमकतात. नवं घड्याळ दुकानदार उघडून दाखवणार नाही अन् दाखवायला लावूही नका, पण "मशीन कोणतं आहे भाऊ" एवढं विचारायला काहीच हरकत नाही. टायटन स्वतःची मशीन होसूरच्या कारखान्यात बनवते, सोनाटा हा टायटनचाच स्वस्तातला ब्रँड आहे. बाकी बऱ्याच स्वस्त घड्याळांत मियोटाचं म्हणजे सिटिझन कंपनीचं मशीन असते अन् तेही भरवशाचं, बिघडलं तर अख्खं मशीनच स्वस्तात बदलून मिळते. दुकानदाराला मशीनचं नावच सांगता येत नसंल अन् डायलवरचं नावही कधी ऐकलेलं नसंल, तर ते घड्याळ खाली ठेवा.

एचएमटीचा विषय निघतोच. आपल्या घराघरात आजोबाचं एखादं जनता नाहीतर पायलट पेटीत पडलेलं असते. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनायला लागली, अन् २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. देवनागरी आकड्यांचं जनता पाहिलं की आजही मन भरून येते, त्याचा साधेपणा कोणत्याच नव्या घड्याळात नाही. घरातलं असंल तर जरूर तेल-सफाई करून घ्या अन् रोज एकाच वेळेला चाबी भरून घाला, सकाळी चहा घेता घेता भरायची सवय लावली की विसरत नाही. पण ऑनलाइन "जुनं एचएमटी एकदम नवीनसारखं" म्हणून जे विकतात त्यापासून जपून राहा, त्यातली लय घड्याळं नव्यानं रंगवलेल्या डायलची, तीन घड्याळांचे पार्ट मिळून एक केलेली असतात, भलत्याच चकचकीत लाल-निळ्या डायलवर एचएमटीचं नाव दिसलं की तिथंच समजून जा. अन् ज्याला एकुलतं एकच घड्याळ घ्यायचं आहे, ते वावरातही न्यायचं आहे, त्यानं चाबीवालं घेऊ नये. धूळ अन् दणके त्याला सोसत नाहीत अन् आता ते नीट खोलून जोडणारे कारागीरही तालुक्याला एखाददुसरेच उरलेत.

डिजिटलमध्ये माझं मत सरळ आहे, कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून जवळपास जसंच्या तसं बनते आहे, वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं, स्टॉपवॉच, गजर, तारीख, किंमत साधारण हजार-बाराशेच्या घरात. घातल्याचं हाताला कळतही नाही. पळताना स्प्लिट टाइम घेता येतो, म्हणजे एका चकराचा टाइम थांबवून वाचायचा अन् आत मोजणं चालूच. त्यातल्या उणिवाही माहीत असू द्या. लाइट एकदम मंद आहे, डावीकडच्या कोपऱ्यातूनच हिरवा उजेड पडतो. गजर बारीक आहे, गाढ झोपेचा माणूस त्यानं उठत नाही. अन् त्याला लीप वर्ष कळत नाही, फेब्रुवारी २८ चाच धरते, म्हणजे २०२८ मध्ये २९ फेब्रुवारीला तारीख हातानं लावावी लागंल. यापेक्षा दणकट पाहिजे अन् खिशात आणखी थोडे असतील तर कॅसिओचंच एई-१२०० पाहा, सेल दहा वर्षं, पाणी १०० मीटरचं, लाइटही चांगला, फक्त मनगट बारीक असंल तर ते डब्यासारखं मोठं वाटते.

बॉडीची परीक्षा करायची तर घड्याळ उलटं करा. मागं नुसतं "स्टेनलेस स्टील बॅक" लिहिलेलं असंल तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं आहे, बाकी बॉडी पितळेची किंवा दुसऱ्या हलक्या धातूची अन् वरून पॉलिश चढवलेलं. "ऑल स्टेनलेस स्टील" किंवा तशा अर्थाचं लिहिलं असंल तर पूर्ण स्टील. आपल्या उन्हाळ्यात, जिथं चंद्रपूरचा पारा ४६-४७ ला जातो, तिथं घामानं पॉलिश दोन सीझनही टिकत नाही. आधी कानाशी, म्हणजे जिथं पट्टा जोडतात तिथं, पिवळं-काळं दिसायला लागते, मग तिथं हाताला खाज सुटते. सोनेरी पॉलिशचं तर लवकर जाते. म्हणून रोज घालायचं घड्याळ एक तर पूर्ण स्टीलचं घ्या नाहीतर सरळ रेझिनचं म्हणजे त्या कडक प्लास्टिकचं, मधलं काहीच नको. सोनेरी पाहिजेच असंल तर ते लग्नासाठी वेगळं ठेवा अन् घरी आल्यावर कोरड्या मऊ फडक्यानं पुसून ठेवा.

पाण्याच्या आकड्यानं लय लोक फसतात. ३० मीटर लिहिलं म्हणजे ३० मीटर खोल विहिरीत चालते असं नाही. ३० मीटर किंवा ३ बार म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, हलका पाऊस, बस. ५० मीटर असंल तर पोहायला चालते. विहिरीत वरून उडी मारणारे असाल तर १०० मीटर पाहिजे. अन् नुसतं "वॉटर रेझिस्टंट" लिहिलं अन् पुढं आकडाच नसंल तर त्याला ३० मीटरच समजा, एफ-९१डब्ल्यूवरही आकडा नाही. पाण्यात असताना बटन दाबायचं नाही, चाबी ओढायची नाही. अन् ही पाणी सोसण्याची ताकद जन्मभराची नसते, रबराची रिंग वाळते, झाकण उघडलं की तिची बैठक मोडते, त्यामुळं दोन-तीनदा सेल बदललेल्या घड्याळावर पाण्यासाठी भरवसा ठेवू नका.

काचेचं थोडक्यात. स्वस्तात दोनच काचा मिळतात, प्लास्टिकची अन् खनिज काच. प्लास्टिकवर ओरखडे लवकर पडतात पण फुटत नाही, अन् पांढरी टूथपेस्ट बोटाला घेऊन गोल गोल घासली तर बारीक ओरखडे निघून जातात. खनिज काचेवर तो उपाय चालत नाही. वाळूचा कण त्या काचेपेक्षा कठीण असतो म्हणून धुळीनं भरलेली काच शर्टाच्या बाहीनं खसाखसा पुसू नका, आधी फुंकर मारा नाहीतर ओलं फडकं लावा. सफायर काच लय मजबूत पण या बजेटमध्ये खरी मिळणं अवघड, कुणी हजारात सफायर म्हणून सांगत असंल तर विश्वास ठेवू नका.

सेलवर जरा थांबतो, कारण चांगलं घड्याळ खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण मी हेच पाहतो. बाजारात माणूस येतो, "काकाजी, सेल टाकून द्या." काकाजी विचारतात, "कोनता टाकू? हा तिसाचा हाय, हा चांगला हाय पन महाग." माणूस म्हणतो, "तिसाचाच टाका ना, चालते." इथंच घोटाळा होतो. काट्याच्या बऱ्याच घड्याळांत एसआर ६२६ एसडब्ल्यू हा सेल लागतो, त्याचाच दुसरा नंबर ३७७. हा सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा, शेवटपर्यंत एकसारखा करंट देतो. अगदी त्याच मापाचा एजी ४ नावाचा अल्कलाइन सेल गोळ्यांसारखा पत्त्यावर दहा-दहा मिळतो, खेळण्यात टाकायचा तो, मशीनमध्ये बसतो अन् घड्याळ चालतेही. पण त्याचा करंट हळूहळू उतरत जातो, लवकर संपतो, अन् संपल्यावर पाझरायची भीती जास्त. एकदा का ते पांढरं-हिरवं मशीनमध्ये उतरलं की तीस रुपयाच्या सेलनं हजाराचं घड्याळ गेलं. म्हणून सेल टाकताना समोर उभं राहा, पत्ता पाहा, नंबरच्या सुरुवातीला "एसआर" आहे का वाचा. झाकण लावायच्या आधी रबराची रिंग जागेवर बसवायला सांगा, वाळलेली असंल तर तिथंच नवी टाकून घ्या. एफ-९१डब्ल्यूच्या झाकणाला चार अगदी बारीक स्क्रू असतात, ते मापाच्या पेचकसनंच खोलायचे, मोठ्या पेचकसनं त्यांची डोकी घासली की पुढच्या वेळी झाकण निघतच नाही, अन् त्यात लागतो तो सीआर २०१६ सेल.

सेल संपत आल्याची खूणही लक्षात ठेवा, काही मशीनमध्ये सेकंद काटा एक एक सोडून एकदम दोन नाहीतर चार सेकंदाच्या उड्या मारायला लागतो. तो बिघाड नाही, सेल बदला म्हणून सांगतो आहे. बंद पडलेलं घड्याळ पेटीत ठेवायचं असंल तर सेल काढूनच ठेवा. अन् पाकिटावर दोन वर्षं, सात वर्षं लिहिलेलं असते ते कारखान्यात सेल टाकल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. म्हणून शोकेसमध्ये वर्षानुवर्षं पडलेला माल घेऊ नका, डब्यावर तयार झाल्याचा महिना छापलेला असतो तो पाहा. काट्याच्या घड्याळाच्या चाबीखाली प्लास्टिकचा छोटा तुकडा अडकवलेला असंल तर चांगलं, तोवर काटे थांबलेले असतात अन् सेल वाचतो.

उन्हाबद्दल दोन गोष्टी. डिजिटल घड्याळ मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलं तर स्क्रीन काळी पडते, घाबरू नका, सावलीत थंड झालं की परत येते, पण रोज असं करू नका. दुसरं, क्वार्ट्झ पंचवीस-तीस डिग्रीच्या आसपास सगळ्यात बरोबर चालते, लय उष्णतेत अन् लय थंडीत दोन्ही वेळा थोडंसं मागं पडते. उन्हाळ्यात घड्याळ महिनाभरात नेहमीपेक्षा जास्त मागं गेलं तर लगेच दुकानात धाव घेऊ नका, हातात घालत राहा. चुंबकाचंही तसंच, मोबाइलच्या फ्लिप कव्हरमध्ये चुंबक असतो, त्यावर किंवा डीजेच्या बॉक्सवर घड्याळ ठेवलं तर काटे थांबतात, बाजूला केलं की चालू होतात, फक्त टाइम परत लावावा लागतो.

रात्रीच्या उजेडाचं सांगायचं तर काट्यांवर जे हिरवट चमकते त्याला आपण रेडियम म्हणतो, स्वस्त घड्याळात ते अंधारात थोडाच वेळ दिसते, रात्री दोनला त्याचा उपयोग नाही. जागलीला किंवा मोटर सुरू करायला जाणाऱ्यानं बटन दाबून लाइट लागणारंच घ्यावं. टाइमेक्सच्या काही मॉडेलमध्ये इंडिग्लो म्हणून अख्खा डायल उजळतो, काट्याच्या घड्याळात त्याच्यासारखी सोय नाही, पण त्याला पैसे थोडे जास्त पडतात.

आता स्टाइलकडं येतो, अन् स्टाइल फालतू गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. माणसाला चांगलं दिसावंसं वाटते, पोराला कॉलेजात, नवरदेवाला मांडवात, त्यात चूक काय. फक्त ती कुठून आणायची हे कळलं पाहिजे. सगळ्यात पहिलं माप. मनगटाला सुतळी गुंडाळून स्केलवर मोजा. १६-१७ सेंटीमीटरचं मनगट असंल तर ३६ ते ४० मिलीमीटरचा डायल शोभते. घड्याळाचे कान मनगटाच्या बाहेर लोंबकळायला लागले की कितीही महागाचं असो, मागून आणल्यासारखं दिसते. दुसरं, डायल जितका साधा तितका तो जास्त वर्षं चांगला दिसतो. पांढरा, काळा नाहीतर गर्द निळा, आकडे स्वच्छ, काटे डायलच्या रंगाहून वेगळे. चांदीच्या डायलवर चांदीचेच काटे असले की उन्हात काहीच दिसत नाही. अन् त्या तीन छोट्या डायलीवाल्या घड्याळांपासून लांबच राहा, स्वस्तात त्या नुसत्या छापलेल्या असतात, काटे रंगवलेले, बाजूची बटनं नावाला. दुकानात बटन दाबून पाहा, काहीच हलत नसंल तर ते नाटक आहे अन् नाटकाचे पैसे देऊ नका.

खरी जादू पट्ट्यात आहे. घेताना दोन कानांमधलं अंतर १८, २० नाहीतर २२ मिलीमीटर असंल तर कुठलाही पट्टा कुठंही मिळतो. कंपनीनं स्वतःच्याच आकाराचा वाकडा पट्टा दिलेला असंल तर तो तुटल्यावर पंचाईत होते, तसलं घेऊ नका. एक साधं स्टीलचं काट्याचं घड्याळ घ्या अन् दोन पट्टे ठेवा. वावरात नायलॉनचा, तो धुता येतो, लवकर वाळतो अन् एक पिन निघाली तरी बरेचदा घड्याळ हातातून पडत नाही कारण तो मागून अखंड जातो. लग्नाला, बैठकीला तपकिरी चामड्याचा. एकच घड्याळ दोन वेगळी वाटतात, कुणी ओळखणार नाही. चामडं घामानं अन् पावसानं कुजते, वास मारते, म्हणून ते पेरणीपासून पोळ्यापर्यंत काढून ठेवलेलं बरं. चेनवालं दिसते भारी, पण कापूस वेचताना कड्यांच्या फटीत कापसाचे धागे अडकतात अन् केसं ओढल्या जातात, चेन ज्याला आवडते त्यानं दुकानातच कड्या कमी करून मापाची करून घ्यावी, ढिली चेन हातावर फिरत राहते अन् पिना झिजतात. पट्टा बदलायला काकाजी लागत नाहीत, बारीक पेचकस अन् पाच मिनिटं, फक्त पिन उडून हरवते म्हणून खाली फडकं अंथरून बसा.

फवारणीच्या दिवशी मात्र कोणतंच घड्याळ घालू नका. औषध पट्ट्यात मुरते अन् दिवसभर कातडीला लागून राहते, आंघोळ केली तरी पट्टा तोच असतो. घरी काढून ठेवा, टाइम मोबाइलवर पाहा.

बायांच्या घड्याळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून सांगतो. लेडीज म्हणून जे विकतात ते बहुतेक बांगडीसारखं, बारक्या डायलचं, त्यात सेलही छोटा लागतो अन् लवकर संपतो, अन् सेकंद काटा बरेचदा नसतोच. अंगणवाडीताई, आशाताई, नर्सताई, मास्तरीणबाई, ज्यांना खरंच टाइम पाहून काम करायचं आहे त्यांनी लेडीजच्या ट्रेमध्येच पाहायला पाहिजे असं काही नाही. ३४-३६ मिलीमीटरचं साधं जेन्ट्स घड्याळ बारीक पट्ट्यावर छान दिसते अन् वाचता येते.

स्मार्टवॉचचं काय, असं पोट्टे विचारतात. पंधराशेत स्क्रीन मोठी, फोन येतो, पावलं मोजते, दिसायला नवं. पण ते दर काही दिवसांनी चार्ज करावं लागते, आतली बॅटरी बदलून देणारा तालुक्यात सापडत नाही, अन् स्वस्तातली स्क्रीन उन्हात डोळ्यावर हात धरल्याशिवाय दिसत नाही. बीपी अन् ऑक्सिजनचे आकडे दाखवते त्यावर तर औषध-पाण्याचा निर्णय अजिबात घेऊ नका, घरात म्हातारं माणूस असंल तर डॉक्टरकडंच मोजून घ्या. हौस म्हणून घ्यायचं तर घ्या, पण घड्याळ म्हणून त्याला दहा वर्षांचा साथीदार समजू नका. अन् परीक्षेसाठी घेत असाल तर आधी प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा, नीटला तर साधं घड्याळही आत नेता येत नाही.

डुप्लिकेटची ओळख सांगतो. नामी कंपनीचं घड्याळ दोन-तीनशेत मिळत असंल तर ते डुप्लिकेट, "फर्स्ट कॉपी" हेही डुप्लिकेटचंच गोड नाव. डब्यावर एमआरपी, महिना अन् बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते नसंल तर घेऊ नका. एफ-९१डब्ल्यूमध्ये उजवीकडचं बटन तीन सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर कंपनीचं नाव उमटते. काही नकलांतही आता ते दिसते म्हणून एवढ्यावरच भागवू नका, पण उमटलंच नाही तर विषय तिथंच संपला.

काउंटरवर पैसे द्यायच्या आधी एवढं करा. चाबी बाहेर ओढून तास काट्याच्या पूर्ण दोन चकरा होईपर्यंत काटे फिरवा, कुठं अडकते का पाहा, तारीखवालं असंल तर रात्रीच्या बाराला तारीख पलटते का ते दिसंल. रात्री नऊ ते पहाटे तीन या टाइमात तारीख लावू नका, तेव्हा आतले दाते तारखेच्या चकतीला लागलेले असतात अन् जोर दिला तर तुटतात, आधी काटे सहावर आणा मग तारीख लावा. घड्याळ आपल्या कानाशी धरून हलवा, आत काही खडखडायला नको. सेकंद काटा प्रत्येक खुणेवर नीट थांबतो का पाहा, थोडा इकडं-तिकडं असला तर चालते, पण दोन खुणांच्या बरोबर मधे थांबत असंल तर दुसरा पीस मागा, रोज पाहताना ते खुपत राहते. मग मोबाइलच्या टाइमाशी सेकंदाला सेकंद जुळवा अन् आठ दिवसांनी परत पाहा, पाच-सात सेकंदाचा फरक ठीक आहे, मिनिटभर फरक पडला तर सरळ परत घेऊन जा.

परत घेऊन जाता यावं म्हणून वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का अन् तारीख, दोन्ही तिथंच टाकून घ्या. कोरं कार्ड म्हणजे कागद. ऑनलाइन घेतलं तर बिलाची प्रत काढून डब्यात ठेवा, अन् मागवायच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ कुठं पडते, यवतमाळला, अमरावतीला की थेट नागपूरलाच जावं लागंल ते पाहून घ्या. दोन चकरांचं येष्टीचं भाडं धरलं तर ऑनलाइनची शंभर-दीडशेची बचत तिथंच जाते. तालुक्याच्या दुकानात भाव थोडा जास्त पडला तरी सेल, पिन, रिंग यासाठी माणूस समोर असतो, अन् सणासुदीला गेलं की तो पट्टा फुकट बदलून देतो तो फायदा वेगळाच.

कुणी म्हणंल एवढं सगळं ठीक आहे, नाव सांगा. पाचशे-सातशे असतील तर सोनाटा किंवा मॅक्सिमाचं साधं काट्याचं, पांढऱ्या डायलचं, चामड्याऐवजी रेझिन पट्ट्याचं. हजार-बाराशे असतील अन् वावर, पळणं, रात्रीचं ओलित हे सगळं करायचं असंल तर एफ-९१डब्ल्यू. दोन हजार असतील अन् एकच घड्याळ सगळीकडं घालायचं असंल तर टायटन किंवा टाइमेक्सचं पूर्ण स्टील बॉडीचं, ५० मीटरचं, २० मिलीमीटर पट्ट्याचं काट्याचं घ्या, अन् त्यातच नायलॉनच्या पट्ट्याचे दीड-दोनशे बाजूला काढून ठेवा. जावयाला द्यायचं असंल तर डायल तुमच्या पसंतीचा नको, पोरीला फोन लावून विचारून घ्या त्याला चेन आवडते की पट्टा, अन् दुकानदाराला चेनच्या काढलेल्या कड्या त्याच डब्यात टाकायला सांगा, म्हणजे पुढं मनगट भरलं तर त्या परत लावता येतात.